कमरेतून नाही, गुडघ्यातून

"उठा," थोरली म्हणाली.

"कशाला?" बाबा म्हणाले.

"व्यायाम करायचाय ना! खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. चला."

"सकाळीच केला की."

"सकाळी तुम्ही झोपला होतात."

"मग झोपायच्या आधी केला असेल."

आता यावर माणसाने काय बोलावं, सांगा! थोरलीने हातातली कात्री टेबलावर आपटली, कपाळाला हात लावला आणि मनातल्या मनात जे काही म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही. बाबा खुर्चीत मस्तपैकी मागे रेलले. वाद जिंकल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर अगदी मावत नव्हतं, आणि वाद कशावरून झाला हे ते एव्हाना विसरलेही होते.

थोरली ही त्यांची मोठी मुलगी. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. घरातच पडदे शिवून द्यायचं काम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे, पॅसेजमध्ये तयार पडद्यांची खोकी एकावर एक रचलेली, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध बाबांची हातांची खुर्ची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. त्यामुळे घरात हे दोघंच, दिवसभर एकमेकांच्या समोर.

बाबांचं विसरणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, दुपारी दोनदा अंघोळीची तयारी व्हायची, गेलेल्या माणसांची चौकशी व्हायची. त्याला तिची काही हरकत नव्हती. पण मध्यंतरी बाबा न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन आले. पायांच्या काड्या झाल्या होत्या, शर्ट खांद्यावरून ओघळत होता, आणि खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी खुर्ची दाबून, दात-ओठ खाऊन, वर थोरलीने दंडाला धरून.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. गेलेली आठवण मी परत आणू शकत नाही, पण पाय परत आणता येतात. रोज उठबस करवा, चालवा, अंडं-दूध-डाळ पोटात जाऊ द्या, पाणी पाजा. मी घरी येऊन बघेन. तोवर हात न टेकता खुर्चीतून उठायला लागले आणि वजन थोडं वाढलं, तर राहू दे त्यांना घरी. नाहीतर तुम्ही एकट्या बाई त्यांना उचलणार कशा? उद्या दोघंही पडाल. मग त्यांना जिथे उचलायला माणसं आहेत तिथे ठेवावं लागेल.

धाकट्याने तशी जागा बघूनही ठेवली होती. त्याच्या शहराबाहेर एक वृद्धनिवास होता, स्वच्छ, हवेशीर, बागबिग. थोरली जाऊन बघून आली होती. बागेत कोणी नव्हतं. सगळे म्हातारे एका मोठ्या खोलीत चाकांच्या खुर्च्यांवर ओळीने बसवलेले होते, टीव्हीकडे तोंड करून, आणि टीव्हीत काय चाललंय ते एकालाही ठाऊक नव्हतं. माणसं वाईट नव्हती तिथली. पण तिथे ठेवले तर बाबा पुन्हा उभे राहणार नाहीत, हे तिला लख्ख दिसलं. ती घरी आली ती कंबर कसूनच.

पण कंबर कसून काय उपयोग? कसायची होती बाबांनी!

जेवायला वाढलं की म्हणायचे, "आत्ताच तर जेवलो." पाण्याचा पेला हातात दिला की ती पाठ वळवायच्या आत कुंडीत. त्या कुंडीतलं झाड कुजून गेलं बिचारं. उकडलेलं अंडं ते खिशात घालून ठेवायचे आणि मग त्याच्यावर बसायचे. बिस्किटं तेवढी न सांगता जायची. फिरायला चला म्हटलं तर बाहेर ऊन असायचं, ऊन नसलं तर वारा असायचा, वारा नसला तर "कोणीतरी येणार आहे" असायचं. कोण येणार आहे हे विचारायची सोय नव्हती.

वरून धाकट्याचे फोन. त्याचा बापावर जीव होता, नाही असं नाही. पण लांबून जीव लावणाऱ्या माणसाला सूचना फार सुचतात.

"ताई, बाबांना अक्रोड देत जा. मेंदूला चांगले."

"दात पाठव आधी. मग अक्रोड पाठव."

"आणि कोडी घाल त्यांना. रोज एक."

"रोज तेच तर घालतात मला कोडी," थोरली म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आठवड्यातून एकदा व्यायामवाल्या बाई यायच्या. दवाखान्यातूनच पाठवलेल्या, चाळिशीच्या, चपळ, सदा हसतमुख. त्यांचा हसतमुखपणा बघून थोरलीला आणखीनच राग यायचा. "चला आजोबा, आपण उठू या!" बाई म्हणायच्या.

"तुम्ही उठा," बाबा म्हणायचे. "मी बसतो."

"पाय जरा मागे घ्या. नाक गुडघ्यांच्या पुढे आणा. आणि आता वर!"

बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे, एखादी पोर कविता म्हणून दाखवतेय तसे, आणि जागचे हलायचे नाहीत. बाई घसा कोरडा होईतो बोलायच्या. जाताना दारात थोरलीला म्हणायच्या, "ताई, धीर सोडू नका." थोरलीने तो केव्हाच सोडला होता, पण सांगायचं कोणाला?

असं चाललं होतं, आणि एके दिवशी दुकानातून पडद्यांच्या कड्यांचं खोकं आलं. पितळी कड्या, खोकं छोटं पण वजन असं की बस. आणणाऱ्याने ते दारातच टाकलं आणि पसार झाला. थोरली आधीच भडकलेली. सकाळपासून एक घोट पाणी बापाच्या पोटात गेलं नव्हतं. ती तरातरा गेली, कमरेत वाकली आणि खोक्याला हिसका दिला.

"ए!"

घर दणाणलं. असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"कमरेतून नाही! गुडघ्यातून! कोणी शिकवलं तुला?"

तिने वळून बघितलं तर बाबा उभे. खुर्चीच्या हातांना हात न लावता उभे! तसेच तुरुतुरु पावलं टाकत ते दारापर्यंत आले, काठी खुर्चीला लटकलेलीच राहिली. डोळे लाल, बोट तिच्या नाकासमोर.

"पाय जवळजवळ का? पडशील! अंतर ठेव पायांत. हां. आता गुडघे वाकव. पाठ सरळ. खोकं पोटाशी घे, पोटाशी! पोट आहे ना तुला?"

होतं. थोरलीने पोटाशी खोकं घेतलं आणि उचललं.

आता हे सांगायला हवं की बाबा आयुष्यभर एका मोठ्या मालगोदामात मुकादम होते. नवा माणूस कामावर आला की आधी त्यांच्यासमोर उभा करायचे. ओझं कसं उचलायचं, कसं वळायचं, कसं ठेवायचं, हे मुकादमाच्या मनासारखं जमेपर्यंत त्याला मालाला हात लावू देत नसत. तोवर त्याला नावही नसायचं. तो नुसता "नवा". बाबा त्याच्यावर असे बरसायचे की रडकुंडीला यायचा बिचारा, पण त्यांच्या हाताखालच्या माणसाची पाठ कधी धरली नाही.

"नाव काय तुझं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी थोरली."

"ते असू दे. नवी दिसतेस. ठेव ते खाली. पुन्हा उचल."

तिने खोकं ठेवलं. पुन्हा मुद्दाम कमरेत वाकली. "अरे देवा!" म्हणून बाबांनी कपाळ बडवलं आणि स्वतः गुडघे वाकवून तिला दाखवलं. दाराची चौकट धरून का होईना, वाकले आणि वर आले. थोरलीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती पुन्हा चुकली.

त्या दिवसापासून तिने चुकायचा धंदाच सुरू केला. तागे वेडेवाकडे उचलायची. पॅसेजमधली खोकी तिरपी रचायची आणि मग मोठ्याने म्हणायची, "झालं बाई रचून." की निघालेच बाबा पॅसेजमधून, भिंतीला हात लावत, पुटपुटत. "ही कोणत्या गाढवाने रचली? वरचं खोकं डोक्यात पडलं म्हणजे?" खोकी ती आधीच रिकामी करून ठेवायची, पण त्यांना ती सरळ करायला अर्धी दुपार लागायची. जेवणाचंही तिला आठवलं. गोदामात मुकादमाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी डबा उघडत नसे. ती ताट वाढून बापासमोर बसायची आणि तोंड एवढंसं करून म्हणायची, "मुकादम, भूक लागलीय हो." बाबा लगबगीने अंडं तोंडात टाकायचे. "घे, घे, जेव. उपाशी काम करू नये." मग पाणी. मुकादम प्यायल्याशिवाय नवी कशी पिणार?

महिनाभरात बाबांच्या गालावर थोडं मांस आलं. पाय थरथरायचे कमी झाले.

थोरलीची मात्र पार वाट लागली. एक तर दिवसभर शिव्या. तिच्याच घरात, तिच्याच कामात, तिने वर्षानुवर्षं हाताळलेल्या ताग्यांवरून! "डोकं घरी ठेवून आलीस का?" "तुझ्यापेक्षा तो हातगाडीवाला बरा." फटकळ बाई ती, एकाचे चार ऐकवणारी, आता जीभ आवरून "हो मुकादम, चुकलं मुकादम" म्हणत होती. वर मुद्दाम कमरेतून उचलून उचलून तिची कंबर खरोखरच गेली. शेकायची पिशवी तिच्या पाठीला कायमची चिकटली.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिने धाकट्याला सांगितली नव्हती. आधी संध्याकाळ झाली की बाबा भानावर यायचे. "थोरले, चहा टाक ग," म्हणायचे. आता ते कमी कमी होत गेलं. सकाळी ती नवी, दुपारी ती नवी, संध्याकाळीही "नवी, तू अजून गेली नाहीस?" तिला वाईट वाटायचं. का नाही वाटणार? बापाचे पाय मिळवायचे तर बापाची मुलगी सोडायची, हा कुठला न्याय? मग ती मशीनवर बसायची आणि रागारागाने इतकं भरभर शिवायची की दोरा तुटायचा.

तिने व्यायामवाल्या बाईंना विचारलंसुद्धा. "ही फसवणूक नाही का हो?"

"पायांना कसं फसवणार, ताई?" बाई म्हणाल्या. "ते खरंच उठतायत. मीही करून बघते."

बाईंनी पदर खोचला आणि बाबांसमोर एक खोकं उचलायला घेतलं. पण जन्मभर लोकांना कसं वाकावं हे शिकवलेली बाई ती. तिला चुकीचं वाकताच येईना! मनाशी ठरवायची कमरेतून वाकायचं आणि शरीर आपोआप गुडघ्यातून खाली जायचं. बाबा बघत राहिले. मग त्यांनी समाधानाने मान हलवली. "ह्यांना येतंय. ह्यांना माल द्या." आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर बाईंनी लाख बडबड केली, बाबांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सकाळचं जेवण आठवत नव्हतं, बायको जाऊन किती काळ झाला आठवत नव्हतं, पण व्यायामवाल्या बाई पास झाल्या हे बरोबर आठवत होतं! गोदामातला रिवाजच होता तो. एकदा तयार झालेल्या माणसाच्या मागे मुकादम उभा राहत नसे, तो त्याचा अपमान झाला असता.

"ताई," बाई दारात म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत, "तुम्ही काही पास होऊ नका हं."

"त्याची नका काळजी करू," थोरली म्हणाली. "माझ्याइतकी ढ बाई त्यांना आयुष्यात भेटली नसेल."

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी तिने घर आवरायला घेतलं. धाकटा रात्रीच्या गाडीने निघणार होता. तिला वाटत होतं, उद्या बघेलच तो, बघेल आणि तोंडात बोट घालेल. मनात हाच विचार, पाठीत चमक, आणि कड्यांचं नवं खोकं वाटेत आडवं. तिने खोकं उचललं आणि भिंतीशी ठेवलं.

ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की पाठीत कळ आलीच नाही.

पायांत अंतर. गुडघे वाकलेले. पाठ सरळ. खोकं पोटाशी. इतके दिवस कानीकपाळी ओरडलेलं सगळं तिच्या अंगात उतरलं होतं मेलं, आणि दुखऱ्या पाठीने नेमका आजचाच मुहूर्त शोधला होता. तिने हळूच वळून पाहिलं. बाबा खुर्चीत बसून हसत होते.

"जमलं की ग," ते म्हणाले. "जा. लाग कामाला."

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मुकादम, एकदा पुन्हा बघा ना."

"बघायचं काय त्यात? येतंय तुला."

तिने ताग्याला हिसके दिले, खोकी पाडली, एकदा तर स्वतः धपकन जमिनीवर बसली. बाबा खिडकीतून रस्ता बघत राहिले. संध्याकाळी अंडं खिशात गेलं आणि पाणी कुंडीत.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, पाठोपाठ डॉक्टर आले. डॉक्टरांनी आधी वजन केलं, त्यासाठी थोरली आणि धाकट्याने बाबांना दोन्हीकडून धरून काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं होतं. "अरे वा," डॉक्टर म्हणाले. थोरलीच्या जिवात जरा जीव आला. मग त्यांनी बाबांना परत खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढलं.

"आजोबा, हात छातीशी घ्या आणि उठून दाखवा बघू."

"कशाला?"

"पाय तपासायचेत."

"तपासले की मघाशी."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. समजावून सांगितलं. स्वतः उठून दाखवलं. बाबांनी "छान" म्हटलं.

"डॉक्टर, ते उठतात हो!" थोरली म्हणाली. "रोज उठतात. कालपर्यंत पॅसेजमधून एकटे चालत होते. थांबा, थांबा एक मिनिट." ती धावत कड्यांच्या खोक्याशी गेली आणि कमरेत पार दुमडून उचलायला लागली. "मुकादम! बघा ना, चुकतंय माझं!"

बाबांनी एक नजर तिच्याकडे टाकली. "चुकत नाहीये. कंटाळा करतेयस. ते वेगळं."

तिने पॅसेजमधली खोकी लाथेने पाडली. डॉक्टर दचकले. धाकट्याने तिचा हात धरला. "ताई, पुरे. काय करतेयस तू हे?"

"अरे, तुला नाही माहीत. ते..."

"मला दिसतंय, ताई." तो वाईट बोलत नव्हता, त्याचा आवाज उलट मऊ झाला होता. "तुझी पाठ सरळ होत नाहीये. तू स्वतःकडे बघितलंस का आरशात? तू जेवढं केलंस तेवढं कोणी केलं नसतं. पण आता बस."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. ते भले गृहस्थ होते, पण त्यांनी जे पाहिलं तेच लिहिणार होते, आणि त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच की म्हातारा बसलाय आणि मुलगी खोक्यांना लाथा मारतेय.

थोरलीचं उतरलेलं तोंड बघून बाबांनाच कसंसं वाटलं असावं. त्यांनी खिडकीवरून नजर काढली आणि थोरलीकडे बघितलं, मायेने बघितलं.

"घरी जा ग पोरी," ते म्हणाले. "दिवसभर इथेच असतेस. तुझे वडील वाट बघत असतील."

झालं. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम फुटलं.

"माझे वडील?" थोरली किंचाळली. "माझे वडील खुर्चीतून उठत नाहीत! सांगून सांगून घसा बसला माझा! जेवा म्हटलं तर जेवलो म्हणतात, न जेवता! पाणी दिलं तर झाडाला घालतात! मी ओरडले, हातापाया पडले, त्यांच्यासाठी मूर्ख झाले, दिवसभर मूर्ख झाले, आणि तरी उठत नाहीत! आणि आता नाही उठले ना, तर घेऊन जाणारेत त्यांना! चाकांच्या खुर्चीत टीव्हीसमोर बसवणारेत! आणि त्यांना त्याचं काही आहे का? काही नाही! मी कोण हेसुद्धा..." ती खोक्यांच्या पसाऱ्यात उभी राहून डोळे पुसत राहिली, आणि पुसायलाही हाताशी पडद्याचं कापडच होतं.

बाबांचा चेहरा गंभीर झाला.

"घरी एकटीच आहेस का तू?"

"एकटीच."

"मग असं ओरडून कसं चालेल?" ते म्हणाले. "काल पास केलं ना तुला? खोकं उचलायला येतं, आणि वडील उठवायला येत नाहीत? इकडे ये. रडू नकोस. बघ."

त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले. हात मांडीवरून उचलून छातीशी धरले.

"आधी पाय मागे घ्यायला सांगायचे त्यांना. ते पुढे ठेवून बसतात सगळे, म्हणून उठवत नाही. मग पुढे झुकायचं. नाक गुडघ्यांच्या पुढे आलं पाहिजे. आलं? आणि मग वर."

ते वर आले. सावकाश, जरासे डुलत, पण सरळ वर. डॉक्टरांचं पेन तसंच हातात राहिलं. धाकटा पुढे धावला, तर बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. "तू मध्ये येऊ नकोस. मी हिला शिकवतोय." मग ते बसले, थोरलीने नीट पाहिलं की नाही याची खात्री केली आणि पुन्हा उठले.

"कळलं?"

"कळलं," थोरली म्हणाली. "पण ते ऐकत नाहीत हो माझं."

"ऐकतील. उद्या इथे येऊन मला सांग किती जमलं ते. नाही जमलं तर पुन्हा दाखवीन." बाबा उभेच होते, आता त्यांचे गुडघे थोडे कापत होते. "आणि उचलू नकोस त्यांना. उचललंस की संपलं. म्हातारा माणूस आहे, भीती वाटत असेल त्याला. नुसती बाजूला उभी राहा."

"उभीच आहे, बाबा," थोरली म्हणाली.